मुलगा कमावतो, मग तो आपला डिपेंडंट कसा?

न्यू जर्सीतल्या एडिसनहून एका आईचं पत्र आलंय. पत्र लांबलचक आहे, आणि नवऱ्याबद्दलची दोन-तीन वाक्यं मी मुद्दाम गाळली आहेत. कामापुरतं पत्र असं (डिपेंडंट म्हणजे करापुरती दुसऱ्यावर अवलंबून धरलेली व्यक्ती, आणि क्रेडिट म्हणजे करातून थेट वजा होणारी रक्कम):

"आमचा मुलगा डिसेंबरात वीस वर्षांचा झाला. राज्याच्याच विद्यापीठात दुसऱ्या वर्षाला आहे, डॉर्मवर राहतो. २०२५ मध्ये त्यानं कॅम्पसच्या डायनिंग हॉलमध्ये आणि उन्हाळ्यात एका गोदामात काम करून १४,२०० डॉलर मिळवले. फेब्रुवारीत आम्हाला न विचारता फोनवरून स्वतःचं रिटर्न भरलं. ६४० डॉलर परत आले, त्याचे हेडफोनही घेऊन झाले. आता आम्ही आमचं रिटर्न पाठवलं तर ते नामंजूर होऊन परत आलं. ह्यांचं म्हणणं, पाच हजारांच्या वर कमावलं की मूल डिपेंडंट राहत नाही, विषय संपला. नणंद म्हणते, तो आपल्या घरी राहतच नाही, मग कसला डिपेंडंट! मुलगा म्हणतो, माझा पगार, माझं रिटर्न. फी १६,००० होती, ४,००० स्कॉलरशिप मिळाली, त्याच्या नावावर सरकारी कर्ज आहे आणि ५२९ या शिक्षणासाठीच्या बचत खात्यातून आम्ही १०,००० काढले. आमचं दोघांचं मिळून उत्पन्न १,५२,००० आहे. कॉलेजचं क्रेडिट आम्हाला मिळायला हवं की नको?"

ताई, मिळायला हवं. पूर्ण २,५०० डॉलर. वर ५०० आणखी.

तुमच्या घरातले तिघंही थोडे थोडे बरोबर आहेत, आणि त्यामुळेच भांडण मिटत नाहीये. यजमानांपासून सुरुवात करू. त्यांचा आकडा हवेतला नाही. २०२५ साठी ५,२०० डॉलरची एक मर्यादा खरोखरच आहे, पण ती दुसऱ्या दारावरची आहे. अमेरिकेच्या करकायद्यात डिपेंडंट होण्याचे दोन रस्ते आहेत. एक 'क्वालिफाइंग चाइल्ड'चा, दुसरा 'क्वालिफाइंग रिलेटिव्ह'चा. भारतातून येऊन तुमच्याकडे कायमच्या राहिलेल्या सासूबाई, किंवा शिक्षण संपवून घरी बसलेला सव्वीस वर्षांचा भाचा, हे दुसऱ्या रस्त्यानं येतात आणि ५,२०० ची मर्यादा त्यांना लागते. तुमचा मुलगा पहिल्या रस्त्यानं येतो. तिथे त्यानं किती कमावलं हे कुणी विचारतच नाही. चौदा हजार कमावू दे नाहीतर चाळीस.

तिथे विचारतात ते वेगळंच. वर्षाच्या शेवटी वय एकोणिसाच्या आत आहे का? नसेल तर चोविसाच्या आत आहे का आणि वर्षातले कुठलेही पाच महिने पूर्णवेळ विद्यार्थी होता का? हे महिने सलग असायला नकोत, आणि महिन्यातला एखादा दिवस वर्ग असला तरी तो महिना मोजतात. जानेवारी ते मे, सप्टेंबर ते डिसेंबर: तुमच्याकडे नऊ झाले. मग, अर्ध्याहून जास्त वर्ष तुमच्याबरोबर राहिला का? इथे नणंदबाईंचं उत्तर: शिक्षणासाठी घराबाहेर असणं ही तात्पुरती अनुपस्थिती धरतात. डॉर्मवरची खोली म्हणजे कायद्याच्या हिशेबात तुमच्याच घरातली खोली. थँक्सगिव्हिंगला धुण्याची पिशवी घेऊन कुठे येतो ते बघा, तेच त्याचं घर.

आणि शेवटचा प्रश्न, जिथे खरी गोम आहे: मुलानं स्वतःच्या पोटापाण्याचा, शिक्षणाचा अर्ध्याहून जास्त खर्च स्वतः केला का?

केला का, असा प्रश्न आहे. कमावला का, असा नाही. हा फरक डोक्यात पक्का बसला की निम्मे वाद संपतात. बँकेत पडून राहिलेला पैसा हा खर्च नव्हे. पगारातून कापलेला टॅक्स हाही या हिशेबात धरत नाहीत. आयआरएसच्या, म्हणजे अमेरिकी करखात्याच्या, पब्लिकेशन ५०१ मध्ये याचा तक्ता आहे, पण तुमच्या पत्राबरोबरच्या कागदावर तुम्ही आकडे लिहून पाठवलेत म्हणून मीच मांडते.

वर्षाचा एकूण खर्च असा. फी १६,०००, त्यातून स्कॉलरशिपचे ४,००० वजा, कारण पोटच्या मुलाला मिळालेली स्कॉलरशिप या हिशेबात कुणाच्याच नावावर पडत नाही. राहिले १२,०००. डॉर्म आणि मील प्लॅन १४,८००. पुस्तकं ७००. फोन, कपडे, आरोग्यविम्याचा हप्ता, येणंजाणं मिळून ३,५००. उन्हाळ्यात आणि सुट्टीत घरी जेवला-राहिला त्याचे ३,०००, ज्यात त्याच्या खोलीचं वाजवी भाडं धरायचं, तुमचा मॉर्गेजचा हप्ता नाही. बेरीज ३४,०००. निम्मे झाले १७,०००.

आता त्याच्या बाजूला काय? १४,२०० पैकी ८,००० त्यानं बचत खात्यात ठेवले असं तुम्ही लिहिलंय (गुणी पोर आहे, हे जाता जाता). टॅक्स कापून गेले. हातखर्चाला राहिले साधारण साडेचार हजार. पण त्यात एक गोष्ट मिळवायची जी घरात कुणाच्याच लक्षात आलेली नाही: त्याच्या नावावरचं कर्ज. मुलाच्या नावावर काढलेलं कर्ज हा मुलानंच केलेला खर्च धरतात, फेडायला पुढे तुम्हीच हातभार लावणार असलात तरी. पहिल्या वर्षाला ५,५०० आणि दुसऱ्याला ६,५०० ही त्या सरकारी कर्जाची मर्यादा. २०२५ च्या कॅलेंडर वर्षात पहिल्याचा निम्मा हप्ता आणि दुसऱ्याचा निम्मा, म्हणजे ६,०००. एकूण त्याचे १०,५००. सतरा हजारांच्या बऱ्याच आत. मुलगा तुमचा डिपेंडंट आहे.

आता याच्यातली गंमत बघा. हाच मुलगा आणखी शहाणा असता आणि "आई, बचतीतले आठ हजार घे, फीला लाव" म्हणाला असता, तर त्याची बाजू १८,५०० झाली असती आणि तुमची त्याच मापानं खाली आली असती. एकूण खर्च तोच, ३४,०००. पण अर्ध्याची रेघ ओलांडली गेली असती आणि तो तुमचा डिपेंडंट उरला नसता. आईबापांचा भार हलका करणाऱ्या पोरानं त्यांचं क्रेडिट घालवावं आणि आठ हजार दाबून ठेवणाऱ्यानं ते वाचवावं, असा हा उफराटा नियम. मी तो केलेला नाही. पण म्हणूनच सांगते, त्याचे पैसे फीला लावायचे असतील तर डिसेंबरच्या आधी एकदा हा हिशेब मांडा.

मुलाचा मुद्दा राहिला. "माझा पगार, माझं रिटर्न" हे शंभर टक्के बरोबर आहे. डिपेंडंट असलेल्या मुलानं स्वतःचं रिटर्न भरू नये असा नियम कुठेच नाही. उलट त्यानं भरायलाच हवं होतं, नाहीतर कापलेले ६४० परत कसे आले असते? शिवाय न्यू जर्सीत १०,००० च्या वर उत्पन्न गेलं की राज्याचं रिटर्नही भरावं लागतं. ते त्यानं भरलंय का, विचारा. फोनवरच्या घाईत पोरं ते हमखास विसरतात.

चूक एका चौकोनात झाली. रिटर्नवर एक प्रश्न असतो: दुसरं कुणी तुम्हाला डिपेंडंट म्हणून दाखवू शकतं का? दाखवणार आहे का असं विचारलेलं नसतं, दाखवू *शकतं* का असं असतं. वीस वर्षांच्या मुलाला "मी कुणावर अवलंबून आहे का" असं विचारलं तर तो काय उत्तर देणार! त्यानं 'नाही' म्हटलं आणि पुढे गेला. आणि त्या 'नाही'नं त्याला एक सेंटसुद्धा जास्त मिळाला नाही. डिपेंडंट असतानाही त्याला कमाई अधिक ४५० डॉलर इतकी स्टँडर्ड डिडक्शन (उत्पन्नातली ठरीव करमुक्त रक्कम) मिळतेच, २०२५ साठी कमाल १५,७५०. १४,२०० वर ती १४,६५० होते. टॅक्स शून्य. दोन्ही उत्तरांना रिफंड ६४०च. तुमचे मात्र तीन हजार अडकले.

(त्याचे दोन डब्ल्यू-२, म्हणजे पगाराचे वार्षिक कागद, शेजारी ठेवून एकदा बघा. कॅम्पसच्या कागदावर चार आणि सहा नंबरचे रकाने रिकामे असतील, कारण ज्या कॉलेजात शिकतो तिथेच काम केलं तर सोशल सिक्युरिटी आणि मेडिकेअर बहुधा कापत नाहीत. गोदामाच्या कागदावर तेच रकाने भरलेले असतील. गोदामातल्या १०,८०० वर ७.६५ टक्के, म्हणजे सव्वाआठशेच्या आसपास. ते परत येत नाहीत. तो रिफंडमध्ये शोधत असेल तर सांगा.)

आता क्रेडिट. तुमच्या कामाचं आहे ते अमेरिकन ऑपॉर्च्युनिटी क्रेडिट, फॉर्म ८८६३. पहिल्या २,००० डॉलर फीवर पूर्ण २,०००, पुढच्या २,००० वर पाव म्हणजे ५००. त्यातला ४० टक्के भाग, कमाल १,०००, टॅक्स शून्य असला तरी हातात येतो. दोघांच्या एकत्र रिटर्नला १,६०,००० पर्यंत पूर्ण, तिथून घटत १,८०,००० ला संपतं. तुम्ही १,५२,००० ला आहात, फार लांब नाही. पुढच्या वर्षी बोनस आला तर लक्ष असू द्या. मुलगा पदवीसाठी शिकत असला पाहिजे, निदान अर्धवेळ तरी, आणि वर्ष सुरू होताना त्याची कॉलेजची पहिली चार वर्षं पुरी झालेली नकोत. तुमच्याकडे सगळं बसतं. क्रेडिट त्याचं, जो मुलाला डिपेंडंट दाखवतो. फीचा चेक कुणाच्या खात्यातून गेला हे बघत नाहीत. मुलानं भरली, कर्जातून गेली, पुण्याच्या आजोबांनी थेट कॉलेजला पाठवली, तरी ती तुम्हीच भरली असं मानतात.

फक्त ५२९ च्या दहा हजारांकडे नीट बघा. एकाच डॉलरवर दोनदा सूट घेता येत नाही. ते दहा हजार तुम्ही फीला लावले असं दाखवलंत तर १२,००० पैकी दोनच हजार क्रेडिटसाठी उरतात आणि तुमचे ५०० जातात. पण ५२९ चा पैसा डॉर्म आणि जेवणालाही चालतो, क्रेडिटला मात्र डॉर्म चालत नाही. म्हणून ५२९ चे दहा हजार डॉर्मच्या १४,८०० समोर मांडा आणि फीतले चार हजार क्रेडिटसमोर. पैसा तोच, रकाना वेगळा. पुस्तकं कॉलेजच्या दुकानातून घेतली नसली तरी क्रेडिटला चालतात, पण तुमच्याकडे फीच भरपूर आहे, पावत्या शोधत बसू नका.

कॉलेजचा १०९८-टी, म्हणजे फीच्या नोंदीचा फॉर्म लागेल. तो मुलाच्या नावानं त्याच्या पोर्टलवर येतो, तुमच्या घरी टपालानं येईल याची वाट बघू नका. त्यावरचा कॉलेजचा नंबर फॉर्म ८८६३ मध्ये घालावा लागतो. आणि तारखा बघा: जानेवारीत सुरू होणाऱ्या सेमिस्टरची फी डिसेंबरात भरली तर ती भरली त्या वर्षात मोजतात. हे क्रेडिट एका मुलासाठी चारच वर्षं घेता येतं, पण चार वर्षांचं कॉलेज कॅलेंडरवर पाच वर्षांत पसरतं. तुमच्या मुलाचं २०२४ ते २०२८. एक वर्ष सोडायचंच आहे, तर ज्या वर्षी उत्पन्न वर जाईल किंवा फी चार हजारांच्या खाली राहील ते सोडा. २०२४ ला घेतलं होतंत का, हे पत्रात नाही. नसेल तर उत्तमच, पुढचे चारही तुमचे.

वरचे ५०० डॉलर म्हणजे इतर डिपेंडंटसाठीचं क्रेडिट. सतराव्या वर्षी चाइल्ड टॅक्स क्रेडिट संपतं तेव्हा त्याच्या जागी हे येतं. न्यू जर्सीच्या रिटर्नवर बावीस वर्षांखालच्या पूर्णवेळ कॉलेजातल्या डिपेंडंटसाठी १,००० ची जादा वजावट आहे, फी आणि राहण्याचा किमान अर्धा खर्च आईवडिलांनी केला असेल तर. ती वजावट आहे, क्रेडिट नव्हे. वाचतील ते पन्नास-साठ डॉलर. घ्या तरी.

आता अडकलेलं रिटर्न. मुलानं १०४०-एक्स हा दुरुस्तीचा फॉर्म भरून तो चौकोन दुरुस्त करायचा आणि 'आईवडील मला डिपेंडंट दाखवू शकतात, चुकून नाही म्हटलं' असं एका ओळीत लिहायचं. पण त्याची वाट बघत तुम्ही १५ एप्रिल चुकवू नका. पूर्वी अशा वेळी रिटर्न कागदावर छापून टपालानं पाठवण्याशिवाय इलाज नव्हता. २०२५ च्या हंगामापासून, रिटर्नवर ज्याचं नाव पहिलं त्यानं आयआरएसच्या संकेतस्थळावर खातं उघडून आयपी पिन (ओळख पटवणारा गुप्त क्रमांक) घेतला आणि तो घातला, तर तेच रिटर्न ऑनलाइन स्वीकारतात. तुमच्या घरी पहिलं नाव यजमानांचं असेल. पिन त्यांनाच काढायला लावा, तेवढंच प्रायश्चित्त. पुढे कधीतरी सीपी-८७ए नावाचं पत्र येऊ शकतं: अमुक नंबर दोन रिटर्नवर दिसतोय, तपासा. घाबरायचं कारण नाही. तुमचं बरोबर आहे, त्याची दुरुस्ती गेलेली आहे, म्हणजे तुम्हाला काही करायचं नाही. वरचा खर्चाचा तक्ता मात्र जपून ठेवा, कारण हे क्रेडिट बेपर्वाईनं घेतल्याचं ठरलं तर दोन वर्षं बंदी येते.

हे पत्र वाचणाऱ्या इतर घरांसाठी दोन गोष्टी. ज्यांचं दोघांचं मिळून १,८०,००० च्या वर आहे (आणि आयटीतल्या जोडप्यांत तसे पुष्कळ), त्यांना हे क्रेडिट मिळत नाही. तिथे एक वेगळा हिशेब बसू शकतो: तुम्ही मुलीला डिपेंडंट दाखवलंच नाही, तर ती स्वतःच्या टॅक्सपुरतं हे क्रेडिट घेऊ शकते. हातात येणारे हजार तिला सहसा मिळत नाहीत, आणि तो चौकोन तरीही 'हो'च राहतो. तुमचे ५०० जातात. मुलीनं इंटर्नशिपमध्ये २०,००० मिळवले असतील तर तिचा फेडरल टॅक्स सव्वाचारशे, म्हणजे पाचशे सोडून सव्वाचारशे मिळवल्यासारखं. ३०,००० मिळवले असतील तर टॅक्स सुमारे १,४७०, तिथे परवडतं.

दुसरी गोष्ट एच-४ वरच्या, म्हणजे आईवडिलांच्या नोकरीच्या व्हिसामुळे इथे असलेल्या मुलांच्या आईवडिलांसाठी. २०२५ पर्यंत मुलाकडे आयटिन (सोशल सिक्युरिटी नंबर नसलेल्यांचा करक्रमांक) असला तरी कॉलेजचं क्रेडिट मिळत होतं. २०२६ च्या कर-वर्षापासून आईवडील आणि विद्यार्थी दोघांकडे सोशल सिक्युरिटी नंबर लागेल. ग्रीन कार्डाच्या रांगेत मुलं एकवीसची होतात आणि एच-४ वरून एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर जातात, तेव्हा तर त्यांचं करापुरतं 'रेसिडेंट' असणंच बदलू शकतं, आणि रेसिडेंट नसलेलं मूल साधारणपणे डिपेंडंट दाखवता येत नाही. अशा घरांनी फोनवरच्या सॉफ्टवेअरवर विसंबू नये, व्हिसा समजणाऱ्या टॅक्सवाल्याकडे एकदा जावं.

ताई, तुमच्याकडे उरला एकच प्रश्न, जो तुम्ही पत्राच्या शेवटी बारीक अक्षरात विचारलाय: त्याचे ६४० परत द्यावे लागतील का? नाही. ते त्याच्याच पगारातून कापलेले होते. हेडफोन त्याच्याकडेच राहू द्यात.